अप्पर नाही हो, डिपरच आहे तो!

मा. संपादक,

अप्पर, म्हणजे हेडलाइटचा लांब जाणारा झोत, मारत समोरून येणाऱ्या गाड्यांबद्दल तुमच्याकडे परवा पत्र छापून आलं, अगदी पटलं, पण त्यात एक भर घालायचीय कारण मी स्वतः जवळजवळ वर्षभर लोकांच्या डोळ्यात उजेड मारत हिंडलोय, आणि तेही डिपरवर, म्हणजे खाली वाकवलेल्या झोतावर.

आम्ही कराडचे, मुलगी चिपळूणला दिलेली, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यातून कुंभार्ली घाट ठरलेला. मागच्या वर्षी गाडीला पुढून ठोकर बसली, एका वर्कशॉपमध्ये बंपर आणि उजवा हेडलाइट नवीन बसवून घेतला, दिवा लागतो का बघितलं, लागला, पैसे दिले, विषय संपला. त्यानंतर रात्री समोरचे लोक मला सारखे डिपर द्यायला, म्हणजे दिवे उघडझाप करून खुणावायला लागले. मला वाटायचं काय उर्मट लोक झालेत, मी तर डिपरवरच आहे, मग मी पण रागाने एकदा अप्पर मारून दाखवायचो की बघ बाबा अप्पर याला म्हणतात! शेवटी पाटणच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मागून येऊन थांबलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने विचारलं, काका, एवढा अप्पर कशाला लावताय? म्हटलं अप्पर नाही हो, डिपरच आहे. त्याने गाडीपुढे जाऊन बघितलं आणि म्हणाला, मग तुमचा उजवा दिवा आभाळात बघतोय. वर्षभर ज्यांना ज्यांना मी अप्पर मारून दाखवला ते सगळे डोळ्यासमोर आले आणि चहा काही गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजमध्ये गेलो. पोराने शटरसमोर गाडी उभी केली, दोन हातांवर शटर, त्यावर उजेड बघून अंदाजाने स्क्रू फिरवला आणि दोन्ही दिवे खाली करून दिले. मी खूश, आता कुणाला त्रास नाही. पण खाली केलं की झालं असं नसतं. उसाचा सीझन सुरू होता, आमच्याकडे तेव्हा रात्री रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, जास्तीत जास्त एखादं लाल फडकं. विट्याच्या रस्त्याला साठच्या स्पीडने चाललो होतो आणि अचानक समोर ऊसच ऊस. ब्रेक लागला म्हणून हे पत्र लिहितोय. नंतर मोजलं तर माझा उजेड फक्त ३४ मीटर पुढे जात होता. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पळते, म्हणजे दिसल्यापासून धडकेपर्यंत दोन सेकंद, त्यातला एक तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो.

मग मात्र म्हटलं आता अंदाज बास, टेप लावून करू. आणि काय सांगू, अर्ध्या तासाचं काम आहे हो. लागतं काय तर एक सरळ भिंत, तिच्यासमोर सपाट जागा, मेजर टेप, इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी आणि लांब दांड्याचा स्टार स्क्रू ड्रायव्हर. सपाट जागेनेच जास्त घाम काढला कारण अंगणाला, पार्किंगला पाणी निघून जायला उतार दिलेला असतो आणि तो नुसत्या डोळ्याला कळत नाही. शेजारी काम करणाऱ्या गवंड्याकडून लेव्हलची पाण्याची नळी मागून आणली, दोन जागा बाद झाल्या, शेवटी एका गोडाऊनसमोरचं कोबा केलेलं अंगण बरोबर निघालं. आधी चारी चाकांत हवा नीट भरली, डिकी रिकामी केली (चिपळूणहून आणलेलं तांदळाचं पोतं तीन आठवडे तिथंच होतं, त्यावरून घरात जे झालं ते इथे नको) आणि सौ.ना ड्रायव्हर सीटवर बसवलं, कारण माणूस बसल्यावर गाडी जशी बसते तशी ती मोजताना पाहिजे.

आता मोजायचं कसं. गाडी भिंतीला अगदी हातभर अंतरावर सरळ नेऊन उभी करायची, प्रत्येक दिव्याच्या मधोमध, बऱ्याच दिव्यांच्या काचेवर तिथे बारीक खूण असते, त्या उंचीवर भिंतीवर फुली मारायची. आमच्या गाडीचा मध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटर भरला. दोन्ही फुल्यांमधून एक आडवी पट्टी चिकटवली. मग गाडी तशीच सरळ मागे घ्यायची, दिव्यापासून भिंत साडेसात मीटर होईपर्यंत. सर्वसाधारण छोट्या गाडीला डिपरचा उजेड मीटरला एक सेंटिमीटर खाली उतरायला हवा, म्हणजे साडेसात मीटरवर साडेसात सेंटिमीटर, तेवढं खाली दुसरी पट्टी. काही गाड्यांच्या हेडलाइटवर किंवा बॉनेटखाली १.० टक्के असं लिहिलेलं असतं, वेगळा आकडा असेल तर तोच पाळायचा.

अंधार पडला की डिपर लावा. एका दिव्यापुढे पुठ्ठा उभा करा म्हणजे एका वेळी एकच दिसेल. काचेवर चादर टाकून बसू नका, हॅलोजन बल्ब तापतो आणि हल्लीच्या काचा प्लास्टिकच्या असतात. भिंतीवर उजेडाची वरची कड स्पष्ट दिसते, आपण डावीकडून चालतो म्हणून उजवीकडे ती आडवी सपाट असते, समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून, आणि डावीकडे वर चढते, कडेने चालणारा माणूस, पाटी दिसावी म्हणून. ती सपाट कड खालच्या पट्टीवर आली पाहिजे आणि जिथून ती चढायला लागते तो कोपरा दिव्याच्या बरोबर समोर पाहिजे. बॉनेट उघडलं की दिव्याच्या मागे दोन स्क्रू मिळतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवीकडचा. कुठल्या बाजूला फिरवल्यावर काय होतं ते गाडीगणिक वेगळं, म्हणून अर्धा आटा फिरवा आणि भिंतीकडे बघा. आमचे दोन्ही दिवे वरच्या पट्टीपासून १५ सेंटिमीटर खाली निघाले, म्हणजे पाहिजे त्याच्या दुप्पट! उजव्याला आडवं पण थोडं सरकवावं लागलं. आता उजेड ६८ मीटरला जमिनीला टेकतो आणि घाटात कुणी डिपर देत नाही.

चूक किती बारीक असते बघा, दिवा नुसता एक अंशाने वर गेला तर साडेसात मीटरवरच्या भिंतीवर १३ सेंटिमीटरचा फरक पडतो, वीतभरही नाही, पण रस्त्यावर तेवढ्यात समोरच्याचे डोळे दिपतात.

अजून एक, स्टिअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकड्यांचं एक छोटं चाक किंवा बटण असतं, ते कितीजणांनी कधी फिरवलंय? मोजमाप करताना ते ० वर ठेवायचं. मागे तीन माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडीचं नाक वर होतं आणि नीट लावलेला दिवाही डोळ्यात जायला लागतो, तेव्हा ते २ वर, ३ वर करायचं, त्यासाठीच दिलंय ते. मी नऊ वर्षं ते ए.सी.चं काहीतरी समजत होतो.

हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवून घेणाऱ्यांनी मात्र हा खटाटोप करूनही फार उपयोग नाही. ६०/५५ वॅटच्या हॅलोजनमध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते, ती आणि दिव्याच्या आतला मागचा आरसा मिळून ती कड तयार होते. दुसरा बल्ब टाकला आणि उजेड निघायची जागा जरा जरी सरकली की कडच फाटते, मग स्क्रू कुठंही फिरवा. साधा हॅलोजन बदलतानाही तीन पाय खाचेत नीट बसले नाहीत तर दिवा आभाळात बघतो. आणि ज्यांच्या गाडीचे दिवे सेन्सरने आपोआप वर-खाली होतात त्यांनी घरी हात लावू नये, ते वर्कशॉपचंच काम.

आता सरकारी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. वाचायला छान आहे. पण माझ्या ६८ सेंटिमीटर उंचीच्या दिव्याचा उजेड मीटरला एक सेंटिमीटर खाली ऐवजी एक सेंटिमीटर वर चढत गेला, तर ८ मीटरवर तो फक्त ७६ सेंटिमीटरला असतो, म्हणजे परीक्षा पास, आणि ५० मीटरवर ११८ सेंटिमीटरला, म्हणजे समोरच्या छोट्या गाडीतल्या ड्रायव्हरच्या बरोबर डोळ्यात! बरं तपासतो तरी कोण, खासगी गाडी एकदा घेतली की पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला जाईपर्यंत तिच्या दिव्याकडे कुणी अधिकृतपणे बघत नाही, पीयूसीला आपण जातो पण तिथे फक्त धूर बघतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की पीयूसी सेंटरला, पेट्रोल पंपाच्या कडेला एखादी सपाट जागा आणि समोरच्या भिंतीवर उंचीचे आकडे रंगवून ठेवायला काय खर्च आहे? चुना आणि ब्रश. दंड नको, सक्ती नको, निदान बंपर, बल्ब बदलणाऱ्या वर्कशॉपने गाडी बाहेर काढायच्या आधी त्या भिंतीसमोर दोन मिनिटं उभी करावी. आमच्या गोडाऊनवाल्याने पट्ट्या काढू दिलेल्या नाहीत, म्हणाला राहू देत. आतापर्यंत गल्लीतल्या सात गाड्या तिथे लावून बघितल्या, त्यातल्या चार वर होत्या आणि एक माझ्यासारखी खाली. आता दुधाचा टेम्पोवाला विचारतोय माझं कधी, त्याच्या दिव्यांची उंची वेगळी म्हणून नव्या पट्ट्या लावायला लागणार, रविवारी बोलावलाय.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कराड