भुताला पाऊण तास, म्युझियमला पंधरा मिनिटं : तुमच्या हेरिटेज वॉकबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर

विषय : ‘शनिवारवाडा ते केळकर म्युझियम’ वॉकचे पैसे परत मिळण्याबाबत आणि वेबसाइटवरची चुकीची माहिती काढण्याबाबत

नमस्कार,

चॅटवर लिहून झालं, पण तिथला तुमचा बॉट काहीही विचारलं तरी ‘तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे’ म्हणतो आणि लगेच खाली पाच स्टार द्यायची लिंक टाकतो, म्हणून आता मेल करतेय. मेल लांबलचक होणार आहे, तरी कृपया कोणीतरी माणसाने वाचावा.

मागच्या शनिवारचा दुपारी साडेतीनचा स्लॉट आम्ही चौघांनी घेतला होता. मी, माझा सातवीतला मुलगा, आणि इंदूरहून आलेले आत्या आणि आतोबा. मी पुण्यातलीच आहे, शनिवारवाडा काय मला नवीन नाही, शाळेच्या सहलीपासून बघतेय, पण पाहुण्यांना नुसतं फिरवण्यापेक्षा कोणीतरी नीट सांगत सांगत नेईल म्हणून पैसे भरले. तुमच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, ‘दोन तासांचा आरामशीर वॉक, संग्रहालयात पूर्ण एक तास, तिकिटं समाविष्ट’. आत्याला वाड्यापेक्षा म्युझियमचीच ओढ होती, जुनी भांडी, दिवे, अडकित्ते असलं तिला फार आवडतं, आणि मी तिला आधीच सांगून ठेवलेलं की वीस हजारांवर वस्तू एका माणसाने जमवल्यात, त्यातल्या अडीच हजारच काय त्या मांडलेल्या असतात, तेव्हा चष्मा विसरू नकोस.

आता प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. साडेतीनला आम्ही बाजीरावांच्या पुतळ्यापाशी हजर. चार वाजायला आले तरी सुरुवात नाही, का तर दुसरी एक फॅमिली ट्रॅफिकमध्ये अडकलीय. ऊन मी म्हणत होतं, आतोबांचं वय सत्तरीच्या पुढे, बसायला जागा नाही, तुमचा गाइड फोनवर ‘सर कुठपर्यंत आलात’ करत फेऱ्या मारतोय. वेळेत आलेल्यांनी उशिरा येणाऱ्यांसाठी उन्हात उभं राहायचं हा कुठला नियम?

वाड्यात शिरताना दिल्ली दरवाजापाशी तरी काही सांगेल असं वाटलं. त्या दाराचे खिळे आतोबा मान वर करून करून बघत होते, एकेक खिळा वीतभर बाहेर आलेला, टोकदार, आणि सगळे वरच्या भागात, बरोब्बर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला, म्हणजे धडक मारायला हत्ती आणला तर त्याने तिथेच थांबावं. आणि माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याला त्याच दारात छोटी दिंडी, जिच्यातून वाकूनच जावं लागतं. हे मुलाला कोणी सांगितलं, तर आतोबांनी. गाइड तोवर पुढे जाऊन ब्लूटूथ स्पीकर चालू करत होता.

स्पीकर कशाला? तर भुतासाठी. चौथऱ्याच्या एका कोपऱ्यात सगळ्यांना उभं केलं, पाऊस, विजा, कुत्र्याचं रडणं असलं काहीतरी म्युझिक लावलं आणि ‘काका मला वाचवा’ चालू झालं ते जवळपास पाऊण तास. पौर्णिमेच्या रात्री कोणाला काय ऐकू आलं, कोणत्या यूट्यूबरला काय दिसलं, कोण वॉचमन नोकरी सोडून गेला. मला सांगा, ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते, गारद्यांनी भरदिवसा वाड्यात घुसून मारलं, आणि पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी धरलं. एवढी जबरदस्त खरी गोष्ट असताना भूत लागतंच कशाला? रामशास्त्र्यांचं नावसुद्धा नाही हो निघालं. गारदी कोण, पैशाचं भांडण काय, काही नाही. मुलगा नंतर मला म्हणाला, आई त्या काकांना शिक्षा झाली का, म्हणजे त्याला पडलेला प्रश्न बरोबर होता, उत्तर द्यायचे पैसे मात्र तुम्ही घेतले होते.

वाडा बांधला कधी, कोणी, यावर मोजून दोन वाक्यं. १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पायाभरणी झाली म्हणून शनिवारवाडा, हेही आत्यानेच मुलाला सांगितलं. सोळा हजार एकशे दहा रुपये खर्च आला होता म्हणतात. आत आज नुसती जोती उरलीयेत, त्यामुळे कुठे गणेश महाल होता, कुठे हजारी कारंजं, हे कोणी दाखवल्याशिवाय कळत नाही, नवख्या माणसाला ती नुसती बाग वाटते. गाइड घ्यायचा तो याच्यासाठीच ना? आणि जे सांगितलं तेही चुकीचं. ‘इंग्रजांनी तोफा डागून वाडा जाळला’ असं तो ठोकून बोलला. इंग्रजांचा झेंडा वाड्यावर लागला १७ नोव्हेंबर १८१७ ला, आणि वाडा जळाला फेब्रुवारी १८२८ मध्ये, मधे दहा वर्षं गेलीत. मी हळूच म्हटलं तसं, तर म्हणे ‘मॅडम, स्क्रिप्टमध्ये असंच आहे’. म्हणजे चूक त्या पोराची नाही, तुमच्या ऑफिसात बसून जो कोणी ही स्क्रिप्ट लिहितो त्याची आहे. पोरगा बिचारा कॉलेजमधला वाटत होता, बोलायला गोड, त्याच्यावर कृपा करून काही कारवाई वगैरे करू नका.

आता चालण्याबद्दल. वाड्यापासून म्युझियम म्हणजे अप्पा बळवंत चौकातून बाजीराव रोडने सरळ, रमतगमत गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटं. छोटासाच रस्ता आहे पण केवढा भरगच्च, समोर नाना वाडा, मग पुस्तकांची दुकानं, नू. म. वि. शाळा, विश्रामबाग वाडा. यातलं काय दाखवलं? एक साड्या-ड्रेस मटेरिअलचं दुकान. हो, खरंच. वॉकच्या मध्येच आम्हाला एका गल्लीत आत नेलं, ‘फक्त पाच मिनिटं, आपल्या गेस्टना स्पेशल डिस्काउंट’, आणि पंधरा मिनिटं तिथे गाद्यांवर बसवून साड्या उलगडून दाखवल्या. वेबसाइटवर या थांब्याचा उल्लेख कुठेही नाही, मी आत्ता परत जाऊन तपासलं. दुकानात घालवलेला वेळ भरून काढायला मग पुढे नुसती पळापळ, शनिवारची संध्याकाळ, फुटपाथवर टू-व्हीलर लावलेल्या, आतोबांना रस्त्यावर उतरून चालावं लागलं आणि एक रिक्षा इतकी घासून गेली की माझ्याच छातीत धस्स झालं. विश्रामबाग वाडा समोरच्या फुटपाथवरून बोट करून दाखवला, ‘ते जुनं पोस्ट ऑफिस’ म्हणून! १८०७ चा दुसऱ्या बाजीरावांचा वाडा आहे तो, त्या कोरीव लाकडी खांबांसाठी लोक लांबून येतात, १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तुमच्यासाठी पोस्ट ऑफिस. असो.

म्युझियमला पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. म्युझियम साडेपाचला बंद होतं, हे बाहेरच्या बोर्डावर लिहिलेलं आहे, तुमच्या ऑफिसला माहीत नसेल हे शक्यच नाही. त्यात तिकिटं समाविष्ट म्हणता आणि गाइड म्हणतो तिकीट ज्याचं त्याने काढायचं, नंतर ऑफिसकडून क्लेम करा. काउंटरवरच्या माणसाने चांगुलपणाने आधीच सांगितलं, काका पंधराच मिनिटं आहेत, उद्या सकाळी या ना. पण आत्या-आतोबांची दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी होती, मग काढली तिकिटं.

त्या पंधरा मिनिटांत आत्या एकाच कपाटासमोर उभी होती, अडकित्त्यांच्या. सुपारी कातरायची साधी वस्तू, पण एक घोड्याच्या आकाराचा, एकावर जोडपं कोरलेलं, पितळेचे, लोखंडाचे, प्रत्येकाची मूठ वेगळी. शेजारी पाय घासायच्या वज्री, त्यांवरसुद्धा नक्षी, म्हणजे टाच घासायच्या वस्तूलाही कोणीतरी बसून सजवलंय. ती एकेकावर नाक टेकवून बघत होती आणि पलीकडच्या दालनातले दिवे बंद व्हायला लागले. वाद्यं राहिली, दिवे राहिले, कोरलेले दरवाजे, चित्रकथी, सगळंच राहिलं. मस्तानी महाल जेमतेम दारातून बघितला आणि तिथेही तुमच्या गाइडने सांगितलं की हा शनिवारवाड्यातून उचलून आणलाय. तो कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभा केलाय हो, मी कोथरूडलाच राहते, निदान तेवढं तरी मला माहितीये.

आणि ज्यांनी हे सगळं उभं केलं त्यांच्याबद्दल एक अक्षर नाही. दिनकर केळकर म्हणजे चष्म्याच्या दुकानातला माणूस, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारा, १९२० च्या सुमारास वस्तू गोळा करायला लागला आणि आयुष्यभर तेच केलं, बायको कमलाबाई बरोबरीने. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव या संग्रहालयाला दिलं. आपल्या स्वयंपाकघरातली, माजघरातली वस्तू ही कला आहे असं म्हणायला केवढी नजर लागते, ते पाच मिनिटांत सांगता आलं असतं, ब्लूटूथ स्पीकर न लावता. तुमच्या जाहिरातीत ‘कला’ आहे, पोस्टरवर अडकित्त्याचा फोटो आहे, आणि विकताय भूत. माझी खरी तक्रार ही आहे, बाकीचं एकवेळ सोडून दिलं असतं.

यावर तुमच्या टीमने मला काय पाठवलं, तर शंभर रुपयांचं कूपन, तेही ‘मिडनाइट हॉन्टेड पुणे’ वॉकवर. अहो, मी भुताला कंटाळून तक्रार करतेय!

तर माझं म्हणणं असं. माणशी ७९९ प्रमाणे चौघांचे ३१९६ रुपये पूर्ण परत हवेत, आणि वर म्युझियमच्या तिकिटांचे वेगळे, पावत्यांचे फोटो जोडलेत. ‘म्युझियममध्ये पूर्ण एक तास’ हे वाक्य साडेतीनच्या स्लॉटवरून आजच काढा, नाहीतर तो स्लॉट दोनला घ्या, किंवा वॉक उलटा करा, सकाळी दहाला म्युझियम उघडतं तिथून निघून ऊन चढायच्या आत वाड्याला पोचता येतं, ज्येष्ठांना तेच सोयीचं आहे. साडीच्या दुकानाचं कमिशन घेताच आहात तर तो थांबा वेबसाइटवर लिहा, ज्यांना नको ते बाहेर थांबतील. आणि स्क्रिप्ट एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाकडून तपासून घ्या.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवणार आहे, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळे काढून ठेवलेत. रिफंड ज्या यूपीआयवरून पैसे गेले त्याच खात्यावर करा, तुमच्या अॅपच्या वॉलेटमध्ये टाकू नका, तिथून ते फक्त दुसऱ्या वॉकलाच वापरता येतात हेही मला आता कळलंय.

आपली,
एक वैतागलेली ग्राहक, कोथरूड
(बुकिंगचा तपशील आणि पावत्या सोबत जोडल्या आहेत)