दुपारच्या उन्हाबद्दल, पुन्हा एकदा

अमरावती, 8 जुलै 2025

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर माझा आवाज चढला आणि ‘बाबा, मी एकतीस वर्षांची आहे’ असे म्हणून तू फोन ठेवलास. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुला उत्तरे देतो आहे. ती निदान कागदावर तरी शांतपणे उतरावीत म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुझ्या आईचे मत लिहू नये असे आहे. फिरायला गेलेल्या मुलीला बापाचे पत्र म्हणजे तिच्या पिशवीत वरवंटा घालणे, असे ती म्हणाली. तरीही लिहीत आहे. अक्षय पानांचे फोटो काढून तुला पाठवील.

तू ग्रीसच्या सिमी बेटावर एकटी गेलीस याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो मुद्दा तुझ्या मावशीचा आहे आणि तिला मी परस्पर उत्तर दिले आहे. माझे म्हणणे एवढेच, की तू दुपारी एक वाजता, म्हणजे आमच्या साडेतीनला, काली स्त्राता ही पायऱ्यांची वाट चढायला निघालीस आणि आमचे साडेसात वाजेपर्यंत तुझा फोन बंद होता. आता हा विषय मी पुन्हा काढणार नाही.

तुझी छायाचित्रे संगणकावर मोठी करून पाहिली. यालोस बंदराभोवती एकावर एक चढत गेलेली पिवळी, गेरूच्या रंगाची घरे आणि प्रत्येक घराच्या कपाळावर देवळासारखा त्रिकोण. हे पाहून प्रथम मला आश्चर्य वाटले, की ज्या बेटावर नदी नाही आणि शेतीला माती बेताची, तिथे एवढी श्रीमंती आली कुठून? मग वाचले, की ती जहाजबांधणीतून आणि समुद्राच्या तळाच्या स्पंजांतून आली. तुझ्या वसतिगृहाच्या खोलीत ज्या दातेरी चाकांच्या प्राचीन यंत्राचे चित्र होते, ते यंत्र ज्या बुडालेल्या जहाजातून वर आले, ते जहाज 1900 साली अँटिकिथेरा बेटापाशी सिमीच्याच पाणबुड्यांना सापडले. तुला हे ठाऊक असेलच. मला या आठवड्यात कळले आणि उगाचच वाटले, की तू तिथे जाणार हे त्या भिंतीवर आधीच ठरले होते.

पूर्वी हे पाणबुडे एक जड, चपटा दगड हातात धरून तळाशी जात आणि दोराने होडीवरचा सोबती त्यांना वर ओढून घेई. एकोणिसाव्या शतकात शिरस्त्राणाचा पोशाख आला आणि खाली बराच वेळ थांबता येऊ लागले. मात्र घाईने वर येणारी माणसे पांगळी होऊ लागली, कित्येक मेली. धाडस त्यांच्यात आपल्या दोघांपेक्षा अधिकच असेल, पण खाली असताना त्यांना काही होत नसे, जे व्हायचे ते वर आल्यावर होई. उन्हाचेही असेच असते. समुद्राचा वारा घाम वाळवतो, आपल्याला वाटते की फारसे तापलेले नाही, आणि मग एकाएकी पाय आपले राहत नाहीत.

पाहिलेस, पुन्हा तिथेच आलो. आता आलोच आहे तर लिहून टाकतो. 2024च्या जून महिन्यात, ब्रिटनच्या टीव्हीवरून लोकांना आरोग्य समजावून सांगणारे एक नामांकित डॉक्टर याच बेटावर भर दुपारी एकटेच चालत निघाले आणि चार दिवसांनी सापडले तेव्हा जिवंत नव्हते. तेही एका किनाऱ्याच्या अगदी जवळ. तू हे वाचूनच गेली असशील. वरच्या खोरिओ वस्तीत छप्पर उडालेली रिकामी घरे पुष्कळ आहेत असे तूच सांगितलेस, आणि दुपारी तिथली माणसे दारे लावून निजतात. मग त्या गल्लीत तुला पाहणार कोण?

क्षमा कर. हे भाषण झाले.

खरे म्हणजे मला चौथीच्या परीक्षेनंतरचा तो मे महिना आठवतो आहे. शेतात पीक उभे असताना साखळी टाकता येत नाही, म्हणून आमच्या मोजणीचा हंगाम नेमका उन्हाळ्याचा. हट्टाने तू माझ्याबरोबर आलीस आणि 33 फुटी साखळीची कडी हातात घेऊन धुऱ्यावरून ‘एक साखळी, दोन साखळ्या’ असे ओरडत चालायचीस. सहाला सुरू करायचे आणि अकराला बाभळीखाली बसायचे, हा माझा नियम होता. त्या दिवशी दोन भावांचा वाद मिटत नव्हता, म्हणून एक वाजेपर्यंत मीच काम ओढले. पुढचे तुला ठाऊक आहे. वामनरावांच्या डोक्यावर ओला पंचा धरून तू बसली होतीस आणि गाडी येईपर्यंत उठली नाहीस. त्यानंतर आपण या विषयावर कधी बोललो नाही, आणि रविवारी चार तास मी दुसऱ्या कशाचाच विचार करू शकलो नाही.

तू पायऱ्या मोजत चढलीस आणि पाचशेच्या आसपास आल्यावर एका मांजरामुळे हिशेब चुकला, हे मी सकाळच्या फिरण्यातल्या सगळ्या मंडळींना सांगितले आहे. मोजण्याची सवय कुणाची, हेही सांगितले. सालासकट तळलेल्या इवल्या कोळंब्यांचे मात्र आईच्या कानावर घातलेले नाही.

शुक्रवारी तू पानोर्मितीसच्या मठाला चालत जाणार आहेस. ते बेटाचे पार दुसरे टोक आहे आणि तिथे बोट जाते. चालायचेच असेल तर उजाडताच निघ आणि तुझ्या घड्याळात अकरा वाजले की सावलीत बस. तिथून एक शब्द पाठव, वाक्यही नको. तो आला की दिवसभर मी फोन करणार नाही असे आईपुढे कबूल केले आहे. इथे कालपासून पाऊस लागला आहे आणि अंगणातील पारिजात तरारला आहे.

तुझा,
बाबा

ता. क. — तिथे कांदा मिळतोच. एक खिशात ठेवायला काय हरकत आहे?