स्टेल्व्हिओ राहू दे, मंद्या

प्रिय मंद्या,

तुझा मेसेज वाचला, आणि त्याचं उत्तर फोनवर अंगठ्याने टाइप करण्याइतकं छोटं नाही म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

सप्टेंबरात आल्प्समध्ये सायकल चालवायला येणं फायनल ना? मग पहिलं काम कर, ती तुझी लिस्ट फाडून टाक. स्टेल्व्हिओ, ग्रोसग्लॉकनर, सेल्ला, सगळी फोटोत बघितलेल्या घाटांची नावं आहेत रे. स्टेल्व्हिओची ४८ वळणं मीही चढलोय, २७५७ मीटरवर पोचलं की भारी वाटतं, नाही कोण म्हणतंय, पण अख्खा घाटभर मागून मोटरसायकलींची रांग आणि पुढून घराएवढी कॅम्पर व्हॅन, म्हणजे पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत जे चालतं तेच, फक्त हेल्मेट महागातली. त्यासाठी व्हिसा काढून, रजा टाकून इतक्या लांब कशाला यायचं?

तू विचारलंयस की गाड्या नसलेले रस्ते शोधायचे कसे, की नशिबाचा भाग असतो. नशीब वगैरे काही नाही. मी आता नकाशा बघताना एकच प्रश्न विचारतो, हा रस्ता मुळात कुणी आणि कशासाठी बांधला? आल्प्समधले गाड्या नसलेले बहुतेक कच्चे रस्ते कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी बांधून ठेवलेले असतात, रेल्वेने, सैन्याने, नाहीतर लाकूड आणि गुरंवाल्यांनी. आणि कुणी बांधलाय ते तुझ्या मांड्यांना आपोआप कळतं. रेल्वेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, त्यामुळे तिचा मार्ग अगदी हळूहळू वर जातो. सैन्याला खेचरं आणि तोफा न्यायच्या असायच्या म्हणून तो रस्ता वळणं घेत घेत एका लयीत चढतो. आणि लाकूडवाल्यांना कुणाच्याच गुडघ्यांची पडलेली नसते, ते सरळ वर.

सुरुवात रेल्वेवाल्यापासून करू, कारण तुझा जेटलॅग. डोब्बियाको ते कोर्तिना, इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमध्ये, साधारण ३० किलोमीटर. इथे पहिल्या महायुद्धात एका टोकाकडून इटलीचं आणि दुसऱ्या टोकाकडून ऑस्ट्रियाचं सैन्य, दोघंही आपापल्या रसदीसाठी छोटे रूळ टाकत होते, आणि युद्ध संपल्यावर त्याचीच एक सलग नॅरोगेज लाइन झाली, १९२१ पासून प्रवासी गाडी. १९५६ च्या कोर्तिनाच्या हिवाळी ऑलिंपिकला लोक याच गाडीने गेले. १९६४ मध्ये बंद पडली, रूळ उखडले, आणि राहिला तो हा मुरमाचा रस्ता. डोब्बियाको सोडलं की आधी एक तळं लागतं, मग झाडीत ऑस्ट्रियाच्या सैनिकांची दफनभूमी, मग डावीकडची दरी अचानक उघडते आणि त्रे चिमेचे तीन सुळके समोर, आणि पुढे लांद्रोचं तळं. पोस्टरवर लोक जे बघतात ते इथे सायकलवर बसल्या बसल्या दिसतं. चढ किती, तर चिमाबांके खिंडीपर्यंत जेमतेम ३०० मीटर, तेही इतके पसरलेले की तू गप्पा मारत चढशील, आणि तू गप्पा मारायचा थांबत नाहीस हे मला माहितीये. तिथून कोर्तिनाकडे उतार, मध्ये जुने बोगदे, आणि फेलिझोनच्या घळीवरचा पूल. पुलावर थांब, खाली बघ, मग पुढे जा.

एक खरं सांगून ठेवतो, मुख्य हायवे याच दरीतून जातो, त्यामुळे शनिवार-रविवारी झाडांपलीकडून मोटरसायकलींचा आवाज येत राहतो. गाड्या नाहीत याचा अर्थ शांतता आहेच असा नाही. सकाळी आठच्या आत निघालास तर मात्र दोन्ही मिळतं.

आणि डोब्बियाकोची एक गंमत. हे गाव पाणलोटाच्या बरोबर माथ्यावर बसलंय. गावातून पश्चिमेला जाणारी रिएंझ नदी शेवटी एड्रियाटिक समुद्रात, आणि पूर्वेला निघणारी द्रावा थेट डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्रात. द्रावाच्या काठानेही ऑस्ट्रियातल्या लिएन्झपर्यंत सायकलमार्ग आहे, ४० च्या वर किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार, आणि परत येताना सायकली ट्रेनमध्ये टाकून येतात. म्हणूनच ऑगस्टमध्ये तिकडे भाड्याच्या सायकलींवर अख्खी खानदानं असतात, ते सायकलींचंच ट्रॅफिक. सप्टेंबरात ठीक. पण बराचसा पक्का रस्ता आहे, तुझ्या ग्रॅव्हल टायरांना तिथे काही काम नाही.

आता माझी लाडकी डोंगररांग, कारवेंडेल. म्युनिकहून सकाळी निघून जाता येतं. ऑस्ट्रियात शार्निट्झला गाडी लावायची आणि तिथून कारवेंडेलहाऊस नावाच्या डोंगरातल्या मुक्कामाच्या घरापर्यंत जंगलाचा रस्ता, ९६४ मीटरवरून १७७१ पर्यंत. सुरुवातीला बरा, आणि शेवटी जो उभा होतो की तू मला शिव्या देशील, आत्ताच देऊन ठेव. वर पोचलं की थोडं पुढे खिंड, मग पलीकडे उतरताना छोटा आहोर्नबोडेन, म्हणजे उंच करड्या भिंतींच्या मधोमध सपाट कुरण आणि त्यात म्हातारे मेपल एकटेएकटे उभे. खाली हिंटररिस, तिथून ओढ्याच्या काठाने जर्मनीत शिरून, मग इझार नदीच्या काठाने मिटेनवाल्डवरून परत शार्निट्झ, एक मोठं वर्तुळ पूर्ण. इझार इथे अजून मोकळी आहे, दगडगोट्यांच्या पात्रात पाहिजे तशी पसरते, पाणी निळं-हिरवं आणि गार म्हणजे गार. या शेवटच्या भागात थोडी वाहनं भेटतात, टोलचा रस्ता आहे, पण आपल्याला टोल नाही.

इथे एक कायद्याची भानगड आहे जी तुला माहीत हवी, कारण तू नकाशात रेघ दिसली की घुसतोस. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात निसर्गात फिरायचा हक्क थेट राज्यघटनेत लिहिलाय, कलम १४१, आणि योग्य वाटेवर सायकलही चालते. सीमा ओलांडून ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये आलास की उलटं, ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या जंगल कायद्यानुसार पायी फिरायला कुणालाही मोकळीक, पण सायकलला जंगलाच्या मालकाची परवानगी लागते. त्यामुळे तिथे फक्त सायकलसाठी खुल्या केलेल्या, पाट्या लावलेल्या वाटांवरूनच जायचं. तोच दगड, तीच झाडं, पण एका पाटीच्या अलीकडे तू पर्यटक आणि पलीकडे घुसखोर. मला हे पटत नाही, पण लाकडाचा ट्रक वळणावर समोर आला की मालकाचं म्हणणंही थोडं कळतं. हो, आठवड्याच्या दिवसात ते ट्रक असतात, उतारावर आंधळ्या वळणाला ब्रेकवरची बोटं काढू नकोस.

रजा वाढवून मिळाली तर सैन्याचा रस्ता. इटलीत तुरीनच्या पश्चिमेला कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट. सुझापासून साडेअठरा किलोमीटर, सरासरी ९ टक्क्यांच्या वर, आणि शेवटचे ८ किलोमीटर कच्चे. तू जिरो, म्हणजे इटलीची ती मोठी सायकल शर्यत, बघतोस म्हणजे तुला माहीतच आहे, २०१८ मध्ये क्रिस फ्रूम इथूनच सुटला आणि ८० किलोमीटर एकटा गेला, आणि त्याच दिवशी गुलाबी जर्सीतला, म्हणजे तोवर शर्यतीत पहिला असलेला, सायमन येट्स पार कोसळला. तोच येट्स २०२५ मध्ये त्याच चढावर हल्ला करून अख्खी शर्यत जिंकला. मी टीव्हीसमोर उभा राहून ओरडत होतो, शेजारीण बघायला आली.

वरून पुढे अस्सिएत्ताचा रस्ता सेस्त्रिएरेकडे जातो, तो सगळा कच्चा, बहुतेक २००० मीटरच्या वरून डोंगराच्या धारेने, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बुधवारी आणि शनिवारी दिवसा मोटारींना बंद. वार बघून रस्ता निवडायचा, आहे ना मजेशीर? याच जातीचा अजून एक म्हणजे लिमोनेपासूनचा मिठाचा रस्ता, इटली-फ्रान्सच्या सीमेवरून, तिथे मंगळवार आणि गुरुवार मोटारींना बंद, म्हणजे आपले. आपण सप्टेंबरात जाणार, तेव्हा अस्सिएत्ताला तो नियम नसेल, पण गर्दीही कमी.

आता कामाचं बोलू. टायर ४० ते ४५ मिलिमीटर रुंदीचे, ट्यूबलेस. गिअरच्या चकत्या पुढे ४०, मागे किमान ४२ दातांच्या. तुझ्या सिंहगडाच्या गिअरवर इथे चालत चढावं लागेल, कारण सिंहगड एकदा चढून संपतो, हे संपत नाही. दुपारी ढग जमले की दोनच्या आत खाली. मेंढ्यांचा कळप दिसला आणि मोठी पांढरी कुत्री धावत आली तर सायकलवरून उतर, सायकल मध्ये धर, हळू चालत लांबून जा, पळायचं नाही. लांडगे परत आल्यापासून ती कुत्री कळपातच राहतात आणि त्यांना तू सायकलस्वार आहेस हे समजत नाही. गावोगावी लाकडी हौदात झऱ्याचं पाणी पडत असतं, पाटी नसेल तर बिनधास्त भर. सप्टेंबरात कुठेतरी फुलं बांधलेल्या गाई कुरणावरून खाली आणतात, अख्खा रस्ता त्यांचा, तेव्हा बाजूला हो आणि शेणाकडे लक्ष दे.

शाकाहारी खाण्याची काळजी करू नकोस. पालकाचे किंवा चीजचे क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे, मिळतात, पालक भरलेले, करंजीसारखे श्लुट्झक्राप्फेन तर सगळीकडे. फक्त साध्या क्नोडेलमध्ये डुकराचं मांस असू शकतं, तेव्हा ऑर्डर मी देईन. काकूंना सांग, मेथीचे ठेपले आणि लोणचं पाठव म्हणावं, खिंडीत बसून खायला.

सायकल विमानाने आणू नकोस, खोक्याचे पैसे आणि डोकेदुखी. इथे भाड्याने घेऊ. पण पेडल आणि सीट तुझीच आण. तुझी उंची आणि पायाचं आतलं माप लगेच पाठव, मोज्याशिवाय भिंतीला टेकून मोज, मागच्या वेळेसारखं अंदाजे सांगू नकोस.

तुझा,
अव्या