रेघ नक्की कुठे मारायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै उजाडला की तुमच्या काय नि बाकीच्यांच्या काय, पेपरात चिपळूणच्या पुराचे तेच फोटो परत येतात, वरून काढलेले, चॉकलेटी पाणी आणि त्यातून वर आलेली कौलं नि स्लॅब. फोटो खोटे नाहीत, पण त्यात आमचं घर कुठं असेल हे मी दरवर्षी शोधते आणि दरवर्षी सापडत नाही, म्हणून म्हटलं आता घराच्या आतलं लिहून पाठवावं. विषय तसा छोटा आहे, एका रेघेचा.

आमच्या सासऱ्यांनी 26 जुलै 2005 च्या पुरानंतर माजघराच्या चौकटीवर लाल ऑइलपेंटनं एक रेघ मारून ठेवली होती आणि खाली तारीख. माझ्या कंबरेच्या जरा वर येते. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय, आमच्या घरात सगळं त्या रेघेवरून चालतं. मीटर रेघेच्या वर, देव रेघेच्या वर, कागदपत्रांचं कपाट खालून लोखंडी स्टँड लावून रेघेच्या वर, माझं शिलाईचं सामान वरच्या फळीवर. मी घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. सासरे गेले तरी रेघ राहिली आणि पाऊस लागला की सासूबाई पहिल्यांदा रेघेकडं बघणार, जसं काही पाणी तिला विचारून आत येणार आहे.

21 जुलै 2021 ला बुधवारी दिवसभर पाऊस होताच, पण पाऊस इथं रोजचाच. आदल्या दिवशी आषाढी झालेली, त्या दिवशी बकरी ईद, दहावीचा निकाल नुकताच लागलेला, पोरगा पास झालेला म्हणून घरात जरा बरं वातावरण होतं, मे महिन्यातल्या तौक्ते वादळात उडालेले पडवीचे पत्रे पण नुकतेच बसवून झालेले. रात्री लाईट गेली. दोन-अडीचला मोबाईलवर मेसेज सुरू झाले, वाशिष्ठीचं पाणी वाढतंय, पातळी इतके इतके मीटर, सतर्क रहावे. आता मला सांगा, रात्री अडीच वाजता अंधारात उभ्या असलेल्या बाईनं त्या मीटरचं काय करायचं? नवरा म्हणाला बाजारपूल बुडला असणार, सासूबाई म्हणाल्या, "गो, 2005 ला पण असंच होतं, रेघेपर्यंत येईल नि जाईल." आणि आम्ही तिघांनी काय केलं माहितीय? घरातली झाडून सगळी वस्तू रेघेच्या वर नेली. तांदळाची पोती टेबलावर, टेबलाच्या वर स्टूल, स्टुलावर मिक्सर, गिऱ्हाइकांचे कापलेले ब्लाउजपीस प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर. अडीच तास घाम गाळून आम्ही सगळं सामान अशा उंचीवर रचलं जिथं ते हमखास बुडणार होतं.

पाचला पाणी ओट्यावर आलं. सहाला गुडघ्याएवढं. आणि तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे वेगळं आहे कारण पाणी वरनं येत नव्हतं, मोरीतून आणि संडासातून उलटं वर येत होतं, बुडबुडे काढत. साडेसहाला सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नवरा आणि पोरगा मागच्या दारानं निघाले, मी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी धरून मागं, शेजारच्या भाभींच्या वरच्या मजल्यावर. भाभींचं घर स्लॅबचं म्हणून आम्ही वाचलो. मागं वळून बघितलं तर रेघ दिसेनाशी झालेली.

वर आम्ही एकोणीस माणसं होतो. एक संडास, चहूबाजूला पाणी आणि वापरायला थेंब नाही. भाभींनी पहिलं काम काय केलं तर पत्र्याच्या पन्हळीखाली सगळे टोप लावले, पावसाचं पाणी धरायला. आदल्या दिवशीच्या ईदचं जेवण उरलेलं होतं, आम्हाला त्यांनी वेगळ्या भांड्यात डाळभात टाकून दिला. सासूबाई कुठं कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत, त्या दिवशी तीन कप चहा प्यायल्या, वर साखर कमी आहे म्हणाल्या.

सासरे भरतीचा एक हिशोब सांगायचे, दाभोळकडच्या खलाशांकडून शिकलेले, तिथीची पाऊणपट करायची म्हणजे भरतीची वेळ साधारण निघते. त्या दिवशी गुरुवार, आषाढ शुद्ध त्रयोदशी. तेराची पाऊणपट म्हणजे पावणेदहा. पौर्णिमा दोन दिवसांवर म्हणजे उधाणाचे दिवस. मी तो हिशोब वरच्या मजल्यावर बसून बोटांवर केला आणि पोटात गोळा आला, कारण घड्याळात तेव्हा सव्वासात वाजलेले. ज्यांना चिपळूण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आम्ही समुद्रावर रहात नाही, पण समुद्र आमच्याकडं येतो. दाभोळच्या खाडीतून भरती गोवळकोटपर्यंत चढते, आणि मागं सह्याद्री, तिकडनं वाशिष्ठी थोडक्या अंतरात खाली उतरते, त्यात शिवनदी गावातच येऊन मिळते, त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल कोळकेवाडीकडून बारा महिने याच नदीत येतं. वरचं पाणी खाली येतंय आणि खालून भरतीनं दार लावून घेतलंय, मधे आमची बाजारपेठ. धरणातून त्या रात्री काय नि किती सोडलं यावर आमच्या गावात अजून चहाच्या टपरीवर भांडणं होतात, मी त्यात पडत नाही. पण भरतीची वेळ तर पंचांग बघून पण निघते हो. ती तरी रात्रीच्या मेसेजमधे कुणी का लिहिली नाही?

दहानंतर बाजूच्या घराची खिडकी गेली. मग दुपारपर्यंत आमचं छप्पर आणि पडवीचे नवे पत्रे तेवढे दिसत होते. सिलिंडर तरंगत गेले, लाल, एकामागून एक. त्या दिवशी एसटीच्या डेपोत कर्मचारी कॅश घेऊन गाडीच्या टपावर बसून होते हे सगळ्यांनी वाचलंय. कोविडच्या पेशंटांचं काय झालं तेही वाचलंय, त्याबद्दल मी लिहीत नाही.

पाणी दुसऱ्या दिवशी उतरलं. आणि इथनं पुढचं कुठल्याच फोटोत नसतं.

दार उघडेना. बाहेरून तिघांनी खांदे लावले तरी उघडेना, शेवटी खिडकीचे गज वाकवून पोरगा आत गेला तर कळलं की फ्रिज तरंगत येऊन दारामागं आडवा पडलाय. फ्रिज तरंगतो हे मला त्या दिवशी कळलं. आत गुडघाभर गाळ, आणि गाळ म्हणजे शेतातली माती नव्हे, त्यात डिझेल, संडास, मेलेली कोंबडी, कुणाच्यातरी दुकानातला साबण, सगळं कालवून लोण्यासारखं मऊ केलेलं. पाय घातला की चप्पल आत रहाते. सिलिंग फॅनच्या पात्यांवर गाळाचे थर, म्हणजे पाणी कुठपर्यंत होतं ते बघा. स्विचबोर्ड उघडला तर त्यातून पाणी सांडलं, वर एक छोटा खेकडा. तांदळाची पोती फुगून टेबलावरच फाटलेली, तिसऱ्या दिवशी त्याचा जो वास सुटला तो मला आजही भात जरा आंबला की आठवतो आणि मी सगळा टोप बाहेर ओतते, नवरा ओरडतो.

गाळाची एक गंमत सांगते, गंमत कसली म्हणा. ओला असतो तोपर्यंतच तो निघतो. एकदा ऊन पडलं की सिमेंट. म्हणजे तुमच्याकडं दोन दिवस असतात, आणि त्याच दोन दिवसात लाईट नाही, नळाला पाणी नाही, फोन लागत नाही, फावडं सुद्धा वाहून गेलेलं. आम्ही गाळ काढला तो भाभींच्या ताटल्यांनी आणि कॅरमबोर्डनं. हो, कॅरमबोर्ड. त्यानं ढकलत ढकलत उंबऱ्यापर्यंत आणायचा नि बाहेर लोटायचा, बाहेर आधीच गल्लीचा गाळ कंबरेएवढा, तो परत आत.

माझी मशीन मी चौथ्या दिवशी उघडली. खालचं झाकण काढलं तर शटलच्या जागी चिखलाची वडी. रॉकेल कुठं मिळेना, शेवटी खोबरेल तेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसले, एकेक स्क्रू परातीत. कपाटावरची ब्लाउजपीसची पिशवी फुगून फुटलेली होती. 43 पीस होते, त्यात एका मुलीच्या लग्नाचं पैठणीचं. पावसाच्या पाण्यात सगळे खळबळून नायलॉनच्या त्याच दोरीवर वाळत घातले, सगळ्यांचा रंग एकच झालेला, नदीचा. गिऱ्हाईक बायका आल्या, दोरीवरून आपापला पीस ओळखायचा प्रयत्न केला, एकीनंही पैसे मागितले नाहीत. त्यांची स्वतःची घरं धुवायची होती.

मदत आली, खूप आली, नाही म्हणणार नाही. मुंबई-ठाण्याकडच्या महापालिकांची सफाईची माणसं आली, त्यांना आमच्या गल्लीतल्या बायका अजून दुवा देतात. लेप्टोच्या गोळ्या वाटल्या. पुण्याकडची पोरं टेम्पो भरून आली, पहिल्या टेम्पोत पाण्याच्या बाटल्या, दुसऱ्यात बाटल्या, तिसऱ्यात बिस्किटं, आणि जुने कपडे तर इतके की नाक्यावर ढीग लागून भिजून कुजले. कुणी फावडं, घमेलं, गमबूट, ब्लीचिंग पावडर, खराटा आणला असता तर मी त्याच्या पाया पडले असते. पुढं कुठं पूर आला आणि तुमचे वाचक मदत पाठवणार असतील तर हे एवढं छापा.

पंचनामा झाला. घरटी दहा हजार मिळाले. दुकानदारांना 50 हजारांपर्यंत जाहीर झालेले, पण माझं दुकान नाही, शॉप ॲक्टचा कागद नाही, मशीन घरात म्हणजे ती घरगुती वस्तू, मिक्सरसारखी. फॉर्म भरणाऱ्या माणसाची चूक नाही, त्याच्या कागदावर रकानाच नव्हता. गाडीचा विमा होता तर कंपनीनं क्लेम नाकारला, कारण नवऱ्यानं पाणी उतरल्यावर उत्साहानं किक मारली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं. बुडालेली गाडी चालू करायची नसते, तशीच ढकलत न्यायची असते, हे पण छापा.

आता रेघेकडं येते. पुरानंतर आमच्या गावात नकाशे आले, निळी रेषा आणि लाल रेषा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या, असं समजावलं गेलं. त्यावर मोर्चे झाले, बैठका झाल्या, कारण त्या रेषांवर बांधकामाच्या परवानग्या अडतात आणि अख्खं जुनं गाव त्यात येतं. 2021 च्या डिसेंबरात बचाव समितीनं साखळी उपोषण केलं, आमच्या गल्लीतल्या बायकाही जाऊन बसल्या, त्यानंतर वाशिष्ठी-शिवनदीतला गाळ निघायला लागला. चांगलं झालं, गाळ निघायलाच हवा.

पण या सगळ्या रेषा बिल्डरसाठी आणि इंजिनिअरसाठी आहेत. मला रात्री अडीच वाजता लागणारी रेघ कुठल्याच नकाशात नाही. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोका पातळी 7 मीटर, हे मला आता पाठ आहे. पण नदीवर 7 मीटर झालं म्हणजे माझ्या ओट्याची कितवी पायरी? किती वाजता? चिंचनाक्यावर किती, मुरादपूरला किती, पेठमापात किती? हे ज्यांचं काम आहे त्यांना काढता येणार नाही असं नाही, दोन मोठ्या पुरांच्या खुणा गावात भिंतीभिंतीवर आहेत, म्हातारी माणसं बोट ठेवून दाखवतील.

मागणं एवढंच आहे. प्रत्येक गल्लीतल्या विजेच्या खांबावर आकडे रंगवा. नदीवर इतके मीटर झाले की या खांबाला पाणी इथपर्यंत. खाली 2005 ची खूण, वर 2021 ची. आणि मेसेजमधे मीटरच्या पुढं दोन शब्द जास्त लिहा, भरती किती वाजता आणि कुठल्या गल्ल्यांनी आत्ता सामान सोडून वर जायचं. "सतर्क रहावे" हे वाक्य काढून टाका, आम्ही सतर्कच होतो, अडीच तास सतर्क राहून मिक्सर स्टुलावर ठेवत होतो.

चौकटीवरची सासऱ्यांची रेघ मी पुसली नाही. नवी मारायला गेलो तर चौकटच संपली, पाणी तिच्या वर होतं, म्हणून पोरानं भिंतीवर मारलीय, स्टुलावर चढून, 22 जुलै 2021. अर्धा डबा लाल पेंट उरलाय. आमच्या गल्लीत सात खांब आहेत, तेवढ्याला पुरेल. आकडे कुणीतरी आणून द्या, रंगवायचं आम्ही बघतो.

आपली,
एक वाचक, चिपळूण
(नाव-पत्ता सोबत दिलाय, छापू नये ही विनंती)