देव कोण, या प्रश्नापाशीच वाटा वेगळ्या होतात

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतील मॉर्मन समाजावर आलेला लेख मी दोनदा वाचला. सॉल्ट लेक सिटीचे, तिथल्या कुटुंबांतील शिस्तीचे आणि जोडीजोडीने दारोदार फिरणाऱ्या तरुण प्रचारकांचे वर्णन लेखकाने आपुलकीने केले आहे. परंतु मॉर्मन हा मेथडिस्ट किंवा बॅप्टिस्ट यांच्यासारखाच प्रोटेस्टंटांचा एक पंथ असून फरक काय तो बहुपत्नीत्वाचा आणि एका जादा ग्रंथाचा, असे जे विधान त्यात आले आहे ते मला अस्वस्थ करून गेले. मी अहिल्यानगरच्या एका जुन्या प्रोटेस्टंट मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद आहे. मुलगी युटा राज्यात नोकरीला असल्यामुळे दोन वेळा तिच्याकडे काही महिने राहण्याचा योग आला आणि शेजारी बहुतेक मॉर्मनच असल्याने त्यांच्याशी धर्मविषयक बोलणेही पुष्कळ झाले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि म्हणूनच त्यांचे म्हणणे आहे तसे मांडले जावे असे मला वाटते.

लूथर आणि कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी पोपची सत्ता नाकारली, पण प्राचीन मंडळीचे मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची अधिकृत कथने, नाकारली नाहीत. निकियाचा मतांगीकार आजही आमच्या उपासनेत उभे राहून म्हटला जातो. मॉर्मन मंडळीचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची भूमिका मुळातच निराळी होती. १८२०मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा गावाजवळच्या राईत, कोणत्या मंडळीत जावे अशी प्रार्थना करीत असताना, पिता आणि पुत्र असे दोन वेगळे दिव्य पुरुष आपल्यापुढे प्रकट झाले आणि यांपैकी कोणत्याही मंडळीत जाऊ नकोस, त्यांचे मतांगीकार देवाच्या दृष्टीने घृणास्पद आहेत, असे आपल्याला सांगण्यात आले, अशी त्यांची साक्ष आहे. मॉर्मन शिकवणीप्रमाणे प्रेषितांच्या मृत्यूनंतर मंडळी धर्मापासून ढळली आणि याजकपणाचा अधिकार पृथ्वीवरून उठला. तो अधिकार सुधारणा करून परत मिळण्यासारखा नव्हता, स्वर्गातूनच पुन्हा यावा लागला. आणि ६ एप्रिल १८३० रोजी स्थापन झालेली त्यांची मंडळी ही त्या मूळ मंडळीची पुनःस्थापना होय. सुधारणा आणि पुनःस्थापना या दोन शब्दांतले अंतर लक्षात घेतले तर ते स्वतःला प्रोटेस्टंट का म्हणवत नाहीत हे कळते. ‘मॉर्मन’ या नावाऐवजी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे मंडळीचे पूर्ण नाव वापरावे, असा आग्रहही त्यांच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०१८मध्ये धरला. वाचकांच्या ओळखीचा शब्द म्हणूनच मी तो येथे वापरीत आहे.

खरा भेद देवाविषयीच्या कल्पनेत आहे, आणि लेखात त्याविषयी एकही ओळ नाही. परंपरागत ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे देव अनादी, अशरीरी आणि एकच आहे, त्याने सर्व काही शून्यातून निर्माण केले आणि निर्माता व निर्मिती यांच्यामधील अंतर कधीही पुसले जात नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती आहेत, पण त्यांचे तत्त्व एकच आहे. इ. स. ३२५च्या निकिया परिषदेत वाद पेटला होता तो नेमका यावरच. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र हा सर्व निर्मितीत श्रेष्ठ असला तरी तोही निर्माण केलेलाच आहे. परिषदेने उत्तर दिले की तो निर्माण केलेला नव्हे, जन्मलेला आहे आणि पित्याशी एकतत्त्व आहे. हा शब्दच्छल आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही, कारण येशू ही निर्माण केलेली व्यक्ती असेल तर त्याची उपासना करणे म्हणजे मूर्तिपूजाच ठरते, आणि ती मंडळी तर पहिल्या पिढीपासून त्याची उपासना करीत आली होती.

मॉर्मन शिकवण एरियसची नाही, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण टीकाकार घाईने तसा शिक्का मारतात. ‘सिद्धांत आणि करार’ या त्यांच्या प्रमाणग्रंथाच्या १३०व्या अध्यायात म्हटले आहे की पित्याला माणसासारखेच स्पर्शगोचर, हाडामांसाचे शरीर आहे, पुत्रालाही आहे, आणि पवित्र आत्मा मात्र आत्मरूप व्यक्ती आहे. हे तिघे तीन स्वतंत्र व्यक्ती असून त्यांचे एकत्व हेतूचे आणि प्रीतीचे आहे, तत्त्वाचे नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीत पुत्र उभा आहे, आकाशातून पित्याची वाणी येते आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो, हे दृश्य ते पुरावा म्हणून पुढे ठेवतात. योहानाच्या सतराव्या अध्यायात शिष्यांनी ‘आपल्यासारखे एक व्हावे’ अशी येशूने केलेली प्रार्थनाही ते दाखवतात. हा युक्तिवाद पोरकट नाही. निकियाने ग्रीक तत्त्वज्ञानाची परिभाषा शुभवर्तमानावर, म्हणजे येशूच्या संदेशावर, लादली, असा त्यांचा आक्षेप आहे. माझे उत्तर असे की परिभाषा ग्रीक असली तरी ‘परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे’ हा आग्रह बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातला, म्हणजे इस्राएलाचा आहे, आणि त्याला धक्का न लावता येशूला देव म्हणता यावे यासाठीच ती परिभाषा घडली.

यापुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. एप्रिल १८४४मध्ये, म्हणजे कार्थेजच्या तुरुंगात जमावाने त्यांची हत्या करण्याच्या तीनेक महिने आधी, इलिनॉय राज्यातील नॉवू येथे केलेल्या प्रवचनात जोसेफ स्मिथ यांनी सांगितले की देव स्वतः एके काळी आपल्यासारखाच होता आणि आज तो उन्नत झालेला मनुष्य आहे. हे प्रवचन त्यांच्या प्रमाणग्रंथांत समाविष्ट नाही, हे मुद्दाम नमूद करतो. पण मनुष्यही देवासारखा होऊ शकतो, प्रत्येक माणसाचा आत्मा जन्मापूर्वी स्वर्गीय पिता आणि स्वर्गीय माता यांच्यापाशी होता, येशू हा त्या आत्मिक लेकरांतला ज्येष्ठ, आणि जडद्रव्य व बुद्धितत्त्व दोन्ही अनादी असून देवाने त्यांची रचना केली, ही शिकवण त्यांच्याकडे पक्की आहे. याचा अर्थ देव आणि मनुष्य एकाच जातीचे ठरतात, त्यांच्यातला फरक पायरीचा राहतो. परंपरागत शिकवणीत तो फरक जातीचाच आहे.

आपल्याकडील वाचकाला येथे ‘नराचा नारायण’ आठवेल. युटाहून आल्यावर माझ्या एका हिंदू मित्राने अगदी हेच म्हटले होते. पण अद्वैतात जीव आणि ब्रह्म मुळातच एक असतात आणि वेगळेपणाचा भास तेवढा मावळतो. मॉर्मन कल्पनेत वेगळेपण मावळत नाही. पुनरुत्थित शरीरासह, पती-पत्नी आणि मुलाबाळांसह ती व्यक्ती अनंतकाळ वाढत राहते. कित्येक मॉर्मन अभ्यासक आपल्या मताच्या समर्थनार्थ चौथ्या शतकातील बिशप अथानासियसचे वचन पुढे करतात, की आपण देव व्हावे म्हणून तो मनुष्य झाला. ते वचन खरे आहे आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या ते आजही जपतात. मात्र मनुष्य देवाच्या जीवनात सहभागी होतो, देवाच्या तत्त्वात कधीच नाही, हेही त्याच मंडळ्या तितक्याच ठामपणे शिकवतात. आणि अथानासियस हा तर निकियाचा सर्वांत झुंजार कैवारी होता.

तारणाविषयीचे मतभेद यातूनच निघतात. मूळ पापाचा दोष वारशाने येतो हे मॉर्मन मानत नाहीत. आदामाचे पतन त्यांच्या दृष्टीने मानवजातीला पुढे नेणारे होते. येशूच्या प्रायश्चित्तामुळे सर्वांना पुनरुत्थान मिळते, आणि बहुतेक सर्वांना तीनपैकी कोणत्या ना कोणत्या गौरवाच्या राज्यात जागा मिळते. सर्वोच्च उन्नतीसाठी मात्र आज्ञापालन, मंदिरातील विधी आणि अनंतकाळचा विवाह आवश्यक आहे. ‘आपल्याला शक्य ते सर्व केल्यानंतर कृपेने तारण होते’ हे ‘मॉर्मनचा ग्रंथ’ या त्यांच्या धर्मग्रंथातील वाक्य बायबलमधील प्रेषित पौलाच्या ‘कृपेनेच तुमचे तारण झाले आहे’ या शब्दांशेजारी ठेवून पाहिले तर प्रोटेस्टंट मनाला कोठे टोचते ते समजेल. अलीकडे त्यांच्याकडेही कृपेवर अधिक भर दिला जातो, याचे मला समाधान वाटते.

एक प्रसंग सांगतो. शेजारच्या वयस्कर बाईंनी मला सांगितले की किशोरवयात त्यांनी आपल्या पणजीच्या वतीने मंदिरात बाप्तिस्मा घेतला होता. पणजीने तो स्वीकारायचा की नाकारायचा हे परलोकात तिचे तीच ठरवते, असेही त्या म्हणाल्या. करिंथकरांस पहिल्या पत्रातील मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख हा त्यांचा आधार आहे. इतर मंडळ्या त्या एका उल्लेखावरून विधी उभारीत नाहीत, आणि मलाही तो आधार अपुरा वाटतो. पण शुभवर्तमान न ऐकता मेलेल्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, त्यांचे आईवडील झाले नाहीत. आमच्या घरात हा प्रश्न पिढ्यानपिढ्या दबक्या आवाजात विचारला गेला आहे. त्या बाईंनी तो उघडपणे विचारला आणि त्यांच्या परीने उत्तरही दिले. मी त्यांचे उत्तर स्वीकारू शकत नाही, तरी त्यामागची माया मला दिसली.

दोन्ही बाजू हा भेद किती गंभीरपणे घेतात, याची साक्ष बाप्तिस्माच देतो. रोमन कॅथलिक मंडळी प्रोटेस्टंटांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरते. मॉर्मन बाप्तिस्मा मात्र व्हॅटिकनने २००१मध्ये अग्राह्य ठरवला, आणि तोही पिता, पुत्र व पवित्र आत्मा हीच नावे उच्चारली जात असताना, कारण त्या नावांमागचा अर्थ वेगळा आहे. उलट मॉर्मन मंडळीत जाणाऱ्या कॅथलिकाला किंवा प्रोटेस्टंटाला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो, कारण आमच्याकडे अधिकारच उरलेला नाही असे ते मानतात. मग ते ख्रिस्ती आहेत की नाहीत? येशूला प्रभू व तारणारा मानून त्याच्या नावाने प्रार्थना करणाऱ्या शेजाऱ्यांना, त्यांनी स्वतःसाठी निवडलेले ते नाव नाकारण्याचे मला धाडस होत नाही. पण निकियाच्या अर्थाने ख्रिस्ती ते नाहीत, आणि हे त्यांनाही मान्य आहे.

बहुपत्नीत्व त्यांच्या मंडळीने १८९०च्या घोषणेपासून सोडले आणि आज ते आचरणाऱ्याला बहिष्कृत केले जाते. ते पाळणारे गट फुटून निघालेले आहेत. बंगळुरूमध्ये त्यांचे मंदिर उभारण्याची घोषणा २०१८मध्ये झाली आहे, तेव्हा हा विषय आपल्या वाचकांसाठीही केवळ दूरदेशीचा राहिलेला नाही. म्हणून त्या लेखातील ‘प्रोटेस्टंटांचा एक पंथ’ हे शब्द आणि बहुपत्नीत्वासंबंधीचे वाक्य, या दोन जागी दुरुस्ती प्रसिद्ध करावी, अशी आपल्याला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, अहिल्यानगर