गणपतीला येतोय, पण आधी हे वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर माझ्या उपाशी राहण्याच्या आजाराचा विषय काढला की आई रडायला लागते आणि बाबा "बरं बरं, तब्येतीला जप" म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून टाइप करून पाठवतोय. बाबा, अक्षर मोठं करून वाचा आणि आईला पण वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

गौरी-गणपतीला मी येतोय. हॉस्पिटलमधून सुटलो तेव्हा पाहिला होतात त्यापेक्षा आता वेगळा दिसेन. चेहरा गोल झालाय, पोट पुढे आलंय, हातपाय मात्र अजून काडीच आहेत, म्हणजे विचित्रच दिसतं ते, मला आरशात बघवत नाही. आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस "आता कसं बाळसं धरलंय". तू मायेनं म्हणालीस, कळतंय मला, पण माझ्या डोक्यात ते "जाड झालास" असंच शिरतं आणि त्या रात्री पोळीचा एक घास उतरला नाही. हा आजाराचा भाग आहे, तुझा दोष नाही. पण आल्यावर माझ्या अंगाबद्दल काहीच बोलू नका, चांगलं पण नको. "छान दिसतोस", "आता हाडं दिसत नाहीत", काहीही नको. क्रिकेट बोला, शेजाऱ्यांची भांडणं सांगा, चालेल.

पोटाचं आधी सांगतो कारण आत्या आल्या आल्या तेच बोलणार. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाचं वजन वाढायला लागलं की ते सगळीकडे सारखं वाढत नाही, सुरुवातीला चरबी पोट-कमरेवर जास्त बसते. डायटिशियन म्हणतात वजन टिकवलं तर वर्षभरात, कधी त्याहून जास्त वेळ लागतो, ती हळूहळू सगळीकडे पसरते. अट एकच, पोट बघून घाबरून परत खाणं कमी करायचं नाही, आणि माझ्यासाठी नेमकं तेच सगळ्यात अवघड आहे. किती किलो वाढलो विचारू नका, मला माहीत नाही, काट्याकडे पाठ करून उभा राहतो आणि सिस्टर आकडा लिहून घेतात.

बाबा, पायाची सूज बघून तुम्ही किडनी म्हणालात आणि तुमच्या बीपीच्या गोळीतली अर्धी घे म्हणालात. कृपा करून असं कुणालाच सांगू नका :) किडनीचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. उपाशी शरीराला परत नीट भात-पोळी मिळायला लागली की इन्सुलिन वाढतं आणि मग किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, त्यानं घोटे सुजतात. उतरेल. रात्री बनियन भिजेपर्यंत घाम येतो त्यावर तुमचं दोघांचं टीबी टीबी सुरू झालं, तर एक्स-रे आणि थुंकी दोन्ही तपासून झालंय, टीबी नाही. बंद पडलेली भट्टी परत पेटलीय तो घाम आहे. केस गळतायत ते मागच्या उपासमारीचं, केसांना बातमी काही महिने उशिरा पोचते. आणि आई, दंडावर जी बारीक लव आली होती ना, जिला तू हळद-बेसन लाव म्हणत होतीस, ती जायला लागलीय.

हॉस्पिटलमध्ये सिस्टरनी तुझा तूप-भाताचा डबा परत केला तेव्हा तू किती चिडली होतीस, "पोरगं उपाशी आणि हे चमचा चमचा देतात". त्याचं कारण आत्ता सांगतो, तेव्हा कुणी धड सांगितलंच नाही आपल्याला. दुसऱ्या महायुद्धानंतर कैद्यांच्या छावण्यांतून सुटलेल्या उपाशी लोकांना एकदम पोटभर दिलं आणि त्यातले काही खाऊनच दगावले. उपाशी शरीरात एकदम जास्त अन्न गेलं की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियमसारखे क्षार एकदम खाली येतात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून आधी थोडं थोडं आणि रोज रक्त तपासणी.

आता बाबांचं ते वाक्य. "आम्ही बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या आणि तू भरल्या घरात उपाशी मरतोस." खूप लागलं होतं. पण नंतर बसून विचार केला तर बाबा, हा आजार तुमच्याइतका कुणाला कळणार नाही. कारण शरीराला उपाशी का ठेवलंय हे कळत नाही, पाऊस पडला नाही म्हणून की पोरगा मॅरेथॉनच्या नादात पोळ्या मोजायला लागला म्हणून, त्याच्या लेखी दोन्ही दुष्काळच. आज्जी खडी फोडायला जायची, सुकडी मिळायची, आणि नंतर चांगली पिकं आली तरी कणगी अर्ध्याच्या खाली गेली की तिला झोप लागायची नाही, हे तुम्हीच सांगता ना? माझं शरीर आत्ता आज्जी झालंय. त्याला भरवसा नाही परत दुष्काळ पडणार नाही याचा, म्हणून ते पोटावर साठवतंय.

तुम्ही विचारलं होतं मुलग्यांना पण होतं का हे. होतं. आणि 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांवर प्रयोग झाला होता, सगळे पुरुष, धडधाकट, युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून तयार झालेले. सहा महिने त्यांचं खाणं कमी ठेवलं, वजन साधारण पाव हिश्श्यानं उतरलं. घोटे सुजले, सारखी थंडी, चिडचिड, आणि कधी चूल न पेटवलेली माणसं पाककृतींची पुस्तकं जमवायला लागली. मी रात्र रात्र रेसिपीचे व्हिडिओ बघायचो ते आठवतंय? नंतर खायला दिल्यावर त्यांचं पोट भरायचंच नाही, चरबी आधी आली, स्नायू मागून, काही जण तर मूळ वजनाच्या पुढे गेले आणि मग बऱ्याच जणांचं हळूहळू जागेवर आलं. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मी वेडा नाहीये.

तर माझी भूक पण तशीच आहे. जेवून उठलो की थोड्या वेळात परत लागते, रात्री दोनला उठून पोळी-तूप-गूळ खातो. त्याच वेळी पोट जड, गॅस, कारण जठराची सवय गेलीय, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. आई, ओवा दे, हिंग लाव, सगळं चालेल, फक्त "एक वेळ लंघन कर" म्हणू नकोस, आणि "आत्ताच तर जेवलास" पण नको. संकष्टीचा उपास मी बंद केलाय. बाप्पा समजून घेईल, तू पण घे. मला दोन वर्षं उपासांचाच आडोसा होता, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, कुणी विचारायचंच नाही, उलट कौतुक.

अजून एक अवघड गोष्ट म्हणजे आपल्या घरचं जेवणाचं टेबल. बाबांना शुगर, त्यांना डॉक्टरांनी भात कमी सांगितलाय, आईला गुडघ्यांसाठी वजन कमी सांगितलंय, आणि मला वाढवायला. तुम्ही तुमचं पथ्य सोडू नका, माझ्यासाठी म्हणून बाबांनी दोन मोदक जास्त खायचे असं अजिबात नको. फक्त बोलू नका त्यावर. "मला नको बाई साखर", "हे किती कॅलरीचं" हे जेवताना ऐकलं की माझा हात थांबतो. तुमचं ताट तुमचं, माझं ताट माझं. तळणीचे मोदक मी खाणार आहे, पुरणपोळी पण, पण वाढताना माझ्याकडे बघत बसू नका, आग्रह नको आणि टाळ्या पण नकोत.

कपाटात माझ्या कॉलेजच्या जीन्स आहेत त्या मी यायच्या आधी कुणाला तरी देऊन टाक आई, घरात असल्या की घालून बघणार मी. आरतीसाठी जुन्या मापाचा सदरा शिवायला टाकला असशील तर राहू दे, मी इथूनच सैल कुर्ता आणतोय. आत्याला तू आधीच फोन करून सांग, बाबांना फोन करायला लावू नकोस, ते सांगताना भांडतील.

धावणं अजून बंद आहे. नाडी चाळीसच्या घरात होती तेव्हा सगळे म्हणायचे रनर लोकांची असते तशी, ती तशी नव्हती. आता सुधारलीय, हळू चालायला परवानगी आहे, तेव्हा बाबा, सकाळी नदीवर, प्रीतिसंगमापर्यंत जाऊ, तुमच्याच चालीनं, पण आधी नाश्ता. मला आठला नाश्ता लागतोच, पोहे चालतील, शेंगदाणे जास्त घाल.

स्वारगेटवरून सकाळची एसटी पकडतो, आणायला येऊ नका, रिक्षा करतो. आणि बाबा, तुमचा तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट आला असेल तर फोटो काढून पाठवा, दर वेळी विसरता.

तुमचा,
बाळू