आधी लाल टॅग, मग रंगाचा डबा

मा. संपादक,

‘५ एस’ म्हणजे कामाची जागा लावण्याची पाच पायऱ्यांची जपानी पद्धत. तिचा ‘५ एस सप्ताह’ कारखान्यांत साजरा झाल्याच्या बातम्या औद्योगिक पुरवण्यांत अधूनमधून येतात. सोबतचा फोटो ठरलेला: रंगवलेली यंत्रे, जमिनीवर पिवळे पट्टे, दारात रांगोळी आणि भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके असा फलक. खाली मराठीत ‘स्वच्छता व नीटनेटकेपणा’. घोळ तिथूनच सुरू होतो. सेइरी म्हणजे झाडलोट नव्हे. लागणारे आणि न लागणारे वेगळे करायचे आणि न लागणारे बाहेर काढायचे, हा तिचा अर्थ. ते टाळून बाकीचे चार ‘एस’ केले, तर अडगळच सुबक रचून ठेवली जाते.

सेइरीचे हत्यार म्हणजे लाल टॅग. शंका असलेल्या प्रत्येक वस्तूला तो बांधायचा. त्यावर वस्तूचे नाव, नग, तारीख, टॅग लावणाऱ्याचे नाव, कारण आणि निर्णय कोण, कधीपर्यंत देणार हे लिहायचे, आणि वस्तू आखून दिलेल्या कोपऱ्यात हलवायची. मुदत साधारण ३० दिवस ठेवावी. तेवढ्यात कोणी मागायला आले नाही तर भंगार, विक्री किंवा दुसरा विभाग. गाडी अडते ती जिग-फिक्श्चरपाशी, म्हणजे काम करताना नग धरून ठेवणाऱ्या साधनांपाशी. त्यांना मालमत्ता क्रमांक असतो. हिशेबातून कमी केल्याशिवाय भंगारात घालता येत नाहीत. म्हणून अकाउंट्सचा माणूस पहिल्या दिवसापासून सोबत हवा. डाय (नग घडवायचा साचा) ग्राहकाच्या मालकीची असेल तर त्याची लेखी परवानगी लागते. ‘राहू दे, लागेल कधीतरी’ म्हणणारे प्रत्येक खात्यात असतातच, त्यामुळे अंतिम शब्द एकाच माणसाचा असावा. तो समितीकडे गेला की लाल टॅगच्या कोपऱ्याचे दुसरे स्टोअर होते.

सेइतोन म्हणजे मांडणी. तिच्यात जागा ठरते ती वस्तू किती वेळा लागते त्यावरून. प्रत्येक नगाला लागते ती हाताशी, पाळीत एकदोनदा लागते ती यंत्राजवळच्या ट्रॉलीत, महिन्यातून एकदा लागते ती टूलरूममध्ये. शॅडो बोर्डाचे उदाहरण पाहा. तीस हत्यारांचा आख्खा संच रंगीत आकृत्यांवर टांगलेला असतो. त्या यंत्राच्या सेटिंगला मात्र १३, १७ आणि १९ नंबरचे पाने व एक ॲलन की एवढेच लागते. ही चार जागेवर नसतात, उरलेली २६ कधी हलत नाहीत आणि बोर्ड कायम भरलेला भासतो. चारच आकृत्या असत्या तर हरवलेला पाना दारातूनच कळला असता. जमिनीवरचे पट्टेही पहिला महिना टेपचेच असावेत. ट्रॉली कुठे वळते, पॅलेट कुठे टेकते हे वापरातून कळते. इपॉक्सी रंग त्यानंतर.

सेइसो म्हणजे पुसता पुसता केलेली तपासणी. नट घट्ट आवळल्यावर नटापासून चौकटीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी. नट ढिला होऊन फिरला की रेघ तुटते आणि पुसणाऱ्याच्या नजरेत भरते. प्रेशर गेजवर योग्य दाबाचा हिरवा पट्टा असेल तर आकडा वाचायचीही गरज नाही. याउलट, तेलाचा डाग कॉटन वेस्टने पुसला आणि गळती कुठून होते हे कुठेच टिपले नाही, तर आपणच पुरावा पुसला. एअर गनने चिप्स (धातूचा कीस) उडवणे तर सर्रास चालते. त्या वायपरखाली, म्हणजे यंत्राचे सरकते भाग पुसणाऱ्या पट्टीखाली, शिरून स्लाइड ओरखडतात. ब्रश किंवा व्हॅक्यूम वापरावा.

सेइकेत्सु (प्रमाणित पद्धत) आणि शित्सुके (शिस्त) यांच्यावर व्याख्याने भरपूर होतात, त्यामुळे इथे जागा अडवत नाही.

हे बसल्याशिवाय कानबानला, म्हणजे कार्ड पाठवून लागेल तेवढाच माल मागवण्याच्या पद्धतीला, हात लावू नये, कारण त्या कार्डावर रॅकचा पत्ता लिहावा लागतो. टोयोटाचे ताइची ओनो यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत यंत्रशाळेत रुजवली. सुपरमार्केटात गिऱ्हाईक उचलते तेवढाच माल फळीवर पुन्हा भरतात, तसेच पुढच्या खात्याने उचलले तेवढेच मागच्याने बनवायचे. कार्डे मोजूनच काढावीत. रोजची गरज ४०० नग, कार्ड सुटल्यापासून भरलेला बिन (नगांचा डबा) येईपर्यंत अर्धा दिवस, राखीव १० टक्के आणि बिनमध्ये २० नग असतील, तर ४०० × ०.५ × १.१ ÷ २० म्हणजे ११ कार्डे. सुपरवायझर धास्तीने १६ करतो. जादा पाच कार्डे म्हणजे १०० नग रॅकवर जादा पडून, आणि मागच्या यंत्राची रोजची कुरकुर त्यांच्याआड झाकलेली. एका बिनमध्ये १८ आणि दुसऱ्यात २५ नग टाकले तरी हिशेब कोसळतो. मागणीच एक दिवस २०० आणि दुसऱ्या दिवशी ६०० असेल तर कार्डे बिचारी काय करणार? आधी उत्पादनाचे वेळापत्रक सपाट करावे लागते. त्याला जपानीत हेइजुन्का म्हणतात.

कार्यालयांना हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठा पद्धत म्हणजे कागदांची सेइरीच: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिक, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. बिघडते ते शेवटच्या दोन गठ्ठ्यांत. बांधले जातात, पण टेबलाखालून उठत नाहीत, कारण ते कोणी, कोणत्या तारखेला न्यायचे हे गठ्ठ्यावर लिहिलेले नसते.

एक विनंती. यापुढे अशा सप्ताहाची बातमी आली, तर रांगोळीऐवजी लाल टॅगच्या कोपऱ्याचा फोटो मागवा. टॅगवरची तारीख वाचता येईल इतका जवळून घेतलेला.

— उत्पादन व्यवस्थापनात काम करणारे काही वाचक, भोसरी